वस्तू मुकी असते, नोंद बोलते

१/
महाराष्ट्रात इतिहासावर प्रेम करणाऱ्यांची वाण नाही. इतिहासाच्या पुराव्यावर प्रेम करणाऱ्यांची आहे. संग्रहालयात काचेमागची वस्तू आपण हात जोडून पाहतो, छायाचित्र घेतो आणि बाहेर पडतो. ती तिथे कशी आली, ती ‘तीच’ आहे हे कुणी आणि कशावरून ठरवले, हे विचारीत नाही. हा धागा त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे. भूमिका आरंभीच स्पष्ट असावी: संशोधनावाचून संग्रहालय ही नुसती कोठी, आणि संग्रहालयाशी नाते तोडलेले विद्यापीठ ही नुसती पाठांतराची शाळा. या फारकतीची किंमत सारा समाज मोजतो.

२/
दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवू. पहिले सर्वांना ठाऊक असलेले. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी मांडली गेली. स्वागताचा सोहळा झाला, बातम्या झाल्या, भावनांना उधाण आले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला, त्या प्रसंगाचे शस्त्र आपल्या मातीत परतले, असे बहुतेकांनी गृहीत धरले.

३/
आता पुरावा पाहू. या वाघनखांसोबत एक पेटी आहे. ती शस्त्र स्कॉटलंडला पोहोचल्यानंतर तयार झाली. तिच्यावरील इंग्रजी मजकुराचा आशय असा: हे शिवाजीचे वाघनख, याने त्याने मोगल सेनापतीला मारले, जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचे रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्यांना ते दिले. लोकांच्या मनातील सारी खात्री या चार ओळींवर उभी आहे.

४/
त्या चार ओळी विद्यार्थ्याच्या नजरेने वाचा. अफजलखान मोगल सेनापती नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हती. शिवाय घटना १६५९ ची आणि ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये. मधली सुमारे १६० वर्षे हे शस्त्र कुणाच्या ताब्यात होते, कोणत्या दप्तरात त्याची नोंद झाली, याविषयी पेटी मौन पाळते.

५/
खुद्द लंडनचे संग्रहालय काय म्हणते? अफजलखानाच्या वधात वापरलेली वाघनखे हीच, हे पडताळून पाहता आलेले नाही, असे ते आपल्या नोंदीत सांगते. म्हणजे वस्तू ज्याच्या मालकीची आहे तो दावा करीत नाही आणि उसनी आणणारे मात्र करतात. यावर काही अभ्यासकांनी शंका मांडली, तेव्हा शंकेला उत्तर देण्याऐवजी शंका घेणाऱ्यांच्या निष्ठेवर बोट ठेवणारे सूरही उमटले. खरी चिंता या सुरांची आहे.

६/
येथे नेमके बोलले पाहिजे. ही वाघनखे खोटी आहेत असे सिद्ध झालेले नाही. ती खरी आहेत असेही सिद्ध झालेले नाही. इतिहासात ‘सिद्ध नाही’ ही एक सन्माननीय पायरी आहे. त्या पायरीवर थांबण्याचे धैर्य ज्या समाजात नसते, तो समाज पुढे कुणीही लिहून आणलेली कोणतीही पाटी खरी मानू लागतो. आज पाटी आपल्याला सुखावणारी आहे म्हणून ती चालते; उद्या दुखावणारी आली, तर तिला हटकण्याचा अधिकार आपण आजच गमावलेला असतो.

७/
यावर हमखास येणारा आक्षेप: “प्रतीकाला पुरावा कशाला? श्रद्धा पुरेशी आहे.” श्रद्धेला संग्रहालयाची गरज नसते, तिच्यासाठी प्रतापगडाची वाट, भवानीचे देऊळ आणि पोवाडा पुरे आहे. संग्रहालयाचे वचन निराळे असते. ‘आम्ही जे लिहिले आहे ते तपासलेले आहे’ हे ते वचन. शिवछत्रपतींचे कर्तृत्व एका पोलादी पंजावर अवलंबून नाही. म्हणूनच त्या पंजाविषयी खरे बोलणे आपल्याला परवडले पाहिजे.

८/
आता दुसरे उदाहरण. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे स्थळ आहे. १९७४ मध्ये तेथे एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. चारही मिळून वजन ६० किलोहून अधिक. वाघनखांप्रमाणे या वस्तू सातासमुद्रापलीकडून आणाव्या लागल्या नाहीत. त्या आपल्याच मातीतून, आपल्याच माणसाच्या हातून वर आल्या.

९/
रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. दोन बैल जुंपलेले, उभा सारथी, आणि दांडीवर एक कुत्रा. हत्ती सुमारे २५ सेंटिमीटर उंच. अनेक अभ्यासकांनी या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. तसे असेल तर हडप्पा संस्कृतीचे धागे गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोहोचल्याची ही विलक्षण साक्ष आहे. यांतील तीन मूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

१०/
पण ‘तसे असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. या मूर्तींच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले. त्या काळच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत अशी मिश्रणाची रीत दिसत नाही. म्हणून काही शास्त्रज्ञांनी काळाविषयी शंका घेतली, तर उत्खनन करणाऱ्यांनी थर आणि इतर अवशेष यांच्या आधारे प्राचीनत्वाची बाजू मांडली. एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला उत्खननाची वही. दोघांनी आपापला पुरावा टेबलावर ठेवला. कुणी कुणाला देशद्रोही म्हटले नाही. वाद असा असतो.

११/
हा वाद इतका चिवट का ठरला? कारण मूर्ती शास्त्रीय उत्खननात सापडल्या नाहीत. त्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरे होती, माती कशी होती, हे सापडण्याच्या क्षणी टिपणारा कुणी तेथे नव्हता. दोष शेतकऱ्याचा मुळीच नाही. त्याच्यामुळे तर मूर्ती आपल्याला मिळाल्या. धडा मात्र कठोर आहे. वस्तू हाती आली तरी तिचा संदर्भ हातून निसटू शकतो, आणि निसटलेला संदर्भ कोणत्याही सोहळ्याने परत आणता येत नाही.

१२/
संदर्भ जपला की काय घडते ते इनामगावात दिसते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे हे गाव. १९६८ पासून पुढे अनेक हंगाम डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेथे खणले. सोन्याचा खजिना निघाला नाही, शिलालेख निघाला नाही. निघाली घरे, धान्याची कोठारे, चुली, रांजणांत पुरलेली लहान मुले, आणि मातीच्या पेटीत जपलेली शिरविरहित देवीची मूर्ती.

१३/
या साध्या वस्तूंतून तीन सहस्रकांपूर्वीच्या महाराष्ट्रातील एक गाव उभे राहिले. लोक काय पिकवीत, काय खात, पाऊस कमी झाल्यावर त्यांचे जीवन कसे खालावले, मुलांना घरातच का पुरत, गावात मोठा माणूस कोण. एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीतील पुरुषाचा सांगाडा मिळाला. तो गावाचा प्रमुख असावा, असा तर्क ढवळीकरांनी मांडला. तर्क करता आला, कारण रांजण कोठे, कसा आणि कशाशेजारी होता हे लिहून ठेवले होते. बाजारात त्या रांजणाला काय मोल आले असते? अभ्यासाने त्याला अमोल केले.

१४/
कोल्हापूर आठवा. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आणि तेथे रोमन घडणीची ब्राँझची भांडी व समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती मिळाली. त्या अवशेषांसाठीच १९४६ मध्ये कोल्हापूरचे संग्रहालय उभे राहिले. पुढे ते टाउन हॉलच्या इमारतीत गेले. म्हणजे येथे आधी संशोधन, मग संग्रहालय. सह्याद्रीच्या कुशीतले गाव भूमध्य समुद्राच्या व्यापाराशी जोडलेले होते, हे सांगणारी ती वीतभर मूर्ती. कोल्हापूरला जाणाऱ्यांपैकी किती जण रंकाळ्याच्या आधी टाउन हॉलची वाट धरतात?

१५/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: “लुटारूंनी नेले त्याचा पुरावा आम्ही का द्यावा? त्यांनी द्यावा.” या संतापात न्याय आहे. वसाहतकाळात जे गेले त्यातील पुष्कळसे सत्तेच्या धाकाने गेले. पण संतापाने वस्तू परत येत नाहीत, पुराव्याने येतात. याची दोन उदाहरणे तामिळनाडूची आहेत आणि ती प्रत्येक इतिहासप्रेमीला पाठ असावीत.

१६/
पत्तूरचा नटराज. १९७६ मध्ये तंजावरच्या परिसरातील एका मजुराला जमिनीत सापडलेली ही ब्राँझमूर्ती दलालांच्या हातून लंडनला गेली आणि एका कॅनेडियन कंपनीने विकत घेतली. भारताने लंडनच्या न्यायालयात दावा मांडला. तेथे पुरातत्त्वज्ञ आर. नागस्वामी यांनी साक्ष दिली. मूर्तीला चिकटलेली माती, वाळवीच्या खुणा, त्याच देवळाच्या आवारात मिळालेल्या इतर मूर्तींशी शैलीचे साम्य, असा पुरावा तपासला गेला. १९८८ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला, अपीलही टिकले नाही आणि १९९१ मध्ये नटराज मायदेशी आला.

१७/
श्रीपुरंतनचा नटराज. देवळातून चोरीला गेलेली ही मूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली, सोबत बनावट कागदपत्रे होती. ती चोरीचीच हे कशाने उघड झाले? पुदुच्चेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने दक्षिणेतील देवळांची छायाचित्रे शांतपणे काढून, क्रमाने लावून जपली होती. त्या संग्रहातील मूर्ती आणि कलादालनातील मूर्ती जुळली. २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. वर्षानुवर्षे कुणी न पाहिलेले एक छायाचित्र आंतरराष्ट्रीय चोरीवर भारी पडले.

१८/
म्हणून ‘आधी वस्तू आणा, अभ्यासाचे नंतर पाहू’ हा क्रम उलटा आहे. मालकीच्या साखळीचा शोध घेणे, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, कोणत्या व्यवहाराने गेली हे लावणे, ही आज जगभरच्या विद्यापीठांत कलेतिहासाची एक प्रमुख शाखा आहे. वस्तू परत मिळवण्याची कायदेशीर लढाई तिच्याच बळावर लढली जाते. जो समाज आपल्या कपाटातल्या वस्तूंची यादी नीट ठेवीत नाही, त्याने दुसऱ्याच्या कपाटाची झडती कोणत्या तोंडाने मागावी?

१९/
संग्रहालय ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलात रुजली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चे. लोकांनी त्याला नाव दिले ‘अजब बंगला’. साहेबाने वर्गवारी लावली, लोकांनी अचंबा पाहिला. पण ही केवळ साहेबाची कहाणी मानणे हा अन्याय होईल. मुंबईच्या भायखळ्यात १८७२ मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयाच्या उभारणीत पुढाकार होता डॉ. भाऊ दाजी लाड यांचा. हा माणूस व्यवसायाने वैद्य आणि वृत्तीने शिलालेखांचा अभ्यासक. संग्रह आणि संशोधन ही दोन कामे आहेत, असे त्यांना वाटले नसावे.

२०/
विद्यापीठांनीही हे नाते ओळखले होते. १९३७ मध्ये कलकत्ता विद्यापीठात आशुतोष संग्रहालय सुरू झाले, तेथे बंगालच्या लोककलेला देवादिकांच्या मूर्तींइतकाच मान मिळाला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात संग्रहालय आणि चित्रदालन आधीच उभे होते. त्याच शहराच्या विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. पुण्यात डेक्कन कॉलेजने उत्खनन, अध्यापन आणि संग्रहालय एकाच आवारात नांदवले. वाट आपल्याच माणसांनी पाडली होती. आपण ती तणात जाऊ दिली.

२१/
आज इतिहासाचा पदवीधर एकही मूळ वस्तू हातात न घेता बाहेर पडू शकतो. खापर कसे पाहावे, नाण्याची झीज कशी वाचावी, जुन्या कागदाचा काळ कशावरून ठरवावा, हे न शिकता. दुसरीकडे संग्रहालयाच्या काचेखाली ‘मूर्ती, बारावे शतक’ एवढीच पाटी असते. कुठून आली, कुणी दिली, बारावेच शतक कशावरून, याविषयी शब्द नाही. अशी पाटी प्रेक्षकाला अडाणी मानते. आणि प्रेक्षक ती निमूट वाचतो तेव्हा तो तिला दुजोरा देतो.

२२/
कुणाचा इतिहास जपायचा, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे. कवी ‘अज्ञातवासी’, म्हणजे दिनकर केळकर, यांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींपुरते न थांबता दिवे, अडकित्ते, पेट्या, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी गोळा केली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा सुमारे २०,००० वस्तू जमल्या आणि १९७५ मध्ये हा संग्रह शासनाला दिला गेला. त्यातील फार थोडा भाग एका वेळी मांडता येतो. पाट्यावर राबलेल्या हातांचा, वात लावणाऱ्या बोटांचा इतिहास बखरीत नाही. तो या वस्तूंत आहे. त्यावर किती प्रबंध व्हायला हवे होते, याचा विचार करा.

२३/
नोंद नसली की काय होते? २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. हे संग्रहालय रिओच्या संघीय विद्यापीठाचे. संग्रह सुमारे दोन कोटी वस्तूंचा. बहुतांश भस्मसात झाला. मूळनिवासी भाषांची ध्वनिमुद्रणेही गेली. त्यानंतर संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जगाला हाक दिली: तुम्ही तेथे काढलेली छायाचित्रे आम्हाला पाठवा. राखेतून स्मृती वेचण्याचे ते काम होते. आपल्याकडे अशी वेळ आली, तर वेचायला पुरेशी छायाचित्रे तरी कुठे असतील?

२४/
आगीपेक्षाही वाईट असतो तो जाणीवपूर्वक केलेला नाश. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमावाने हल्ला केला. निमित्त एका परदेशी लेखकाच्या पुस्तकाचे होते. नासधूस झाली ती आपल्याच ग्रंथांची आणि हस्तलिखितांची. त्या पुस्तकातील मजकुरावरचा राग न्याय्य होता असे मानले, तरी त्याला उत्तर देण्याची साधने ज्या कपाटांत होती तीच कपाटे उलथली गेली. पुराव्याचा द्वेष शिकवला की जमाव कुठवर जातो, याची ही महाराष्ट्रातील खूण आहे.

२५/
वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत. भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० मधील स्थापना त्याच तळमळीतून झाली. त्या पिढीकडे ना निधी होता ना सत्ता. तिच्याकडे एक हट्ट होता: आधी कागद दाखवा, मग बोला. आज आपल्याकडे कॅमेरा आहे, संगणक आहे, क्षणात लाखोंपर्यंत पोहोचण्याची सोय आहे. तो हट्ट तेवढा हरवला. साधने वाढली आणि साधनेचा अर्थ आटला.

२६/
तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संग्रहालयाची वस्तुसूची छायाचित्रांसह सर्वांना खुली व्हावी. दोन, प्रत्येक पाटीवर वस्तू कुठून, केव्हा, कशी आली हे लिहावे, आणि ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे लिहावे. तीन, इतिहास आणि कलेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने किमान एक अभ्यास संग्रहालयाच्या कोठारातील वस्तूवर करावा. चार, बाहेरून एखादी वस्तू आणताना सोहळ्याआधी तिच्यावरचा अभ्यास मराठीत प्रसिद्ध व्हावा.

२७/
यातील एकही मागणी महाल बांधण्याइतकी खर्चिक नाही. तरी ती पुरी होत नाही, कारण तिच्यासाठी कुणी आग्रह धरीत नाही. पुतळा किती उंच असावा यावर आपण रात्र रात्र भांडतो. संग्रहालयाला संशोधक नेमले का, हे विचारायला कुणी जात नाही. राज्यकर्ते तेच देतात जे आपण मागतो. आपण देखावा मागितला, देखावा मिळाला.

२८/
तुम्ही, जे गडकिल्ले पायांखाली घालता, शिवकालीन नाणे ओळखता, मोडीची बाराखडी गिरवता, तुमच्याकडूनच आशा आहे. पुढल्या सुटीत आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयात जा. एकच वस्तू निवडा. तिच्यापुढे अर्धा तास थांबा आणि तेथील अधिकाऱ्यांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा: ही कुठून आली? हे कशावरून ठरले? याची नोंद मला पाहता येईल का? उत्तर मिळाले तर लिहून ठेवा आणि चारचौघांना सांगा. मिळाले नाही तर तेच प्रश्न लेखी अर्जाने विचारा.

२९/
हे प्रश्न उद्धट नाहीत. भाऊ दाजींनी शिलालेखाला आणि राजवाड्यांनी दप्तराला विचारले ते हेच. महापुरुषांचा जयघोष करायला एक क्षण लागतो. त्यांच्या काळाचा खरा पुरावा सांभाळायला पिढ्या लागतात. जयघोष करणारे पुष्कळ आहेत. सांभाळणाऱ्यांच्या रांगेत अजून बरीच जागा रिकामी आहे.

३०/३०
धागा येथे पुरा झाला. पटले तर पुढे पाठवा. पटले नाही तर पुराव्यानिशी खोडून काढा. त्याचे स्वागत अधिक मनापासून होईल.